वाऱ्याची खतावणी

पात्याभोवती वारा कसा वाहतो, हे संगणकाला एकदम कळत नाही. म्हणून जेट इंजिनातल्या दोन पात्यांमधल्या पोकळीचे लक्षावधी कप्पे पाडतात. एका कप्प्यातून जेवढी हवा गेली, तेवढी शेजारच्यात जमा! आम्हा बँकवाल्यांना हे निराळे शिकवायला नको.

खरी मेहनत पात्यालगत. तिथे हवा पृष्ठभागाला चिकटून मंदावते. तिथले कप्पे कागदाहूनही पातळ लागतात. दूरवर ऐसपैस चालतात. पण पाते पिळदार, टोकाशी जेमतेम फट. तिथे कप्पे फार तिरके झाले की उत्तर बिघडते.

आणि ताळा जमला म्हणजे हिशेब खरा, असेही नाही. बुडीत कर्जाचीही खतावणी चोख जुळते! १९९४ साली अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने नासाच्या ‘रोटर ३७’ या ३६ पात्यांच्या, हवा दाबणाऱ्या चक्रावर परीक्षा घेतली. आकार दिला, मोजमापे झाकून ठेवली. तज्ज्ञांची उत्तरे आपसांतही जुळेनात. दोष एकट्या जाळ्याचा नव्हता. हवेतल्या खळबळीचे गणितही ठोकताळ्याचेच.

तेव्हापासून नवी आज्ञावली लिहिणारे अनेकजण आधी याच चक्रावर हात आजमावतात. जाळे दाट करायचे, हिशेब पुन्हा मांडायचा, उत्तर हलायचे थांबेपर्यंत. मग झाकलेली ती मोजमापे काढून शेजारी ठेवायची.