विश्लेषण : प्रत्यारोपित फुप्फुसातून हवा का गळते?

फुप्फुस प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या छातीतील नळ्या पाणी असलेल्या बाटलीला जोडलेल्या असतात. बाटलीत बुडबुडे येत राहिले, तर कुठून तरी हवा गळत असल्याचे कळते. नेमकी कुठून, हे मात्र शोधावे लागते आणि उपचार त्यावरच ठरतात.

गळती कुठून होते?
नळीचा जोड सैल नाही ना, हे आधी तपासले जाते. तसे नसेल तर दोन प्रमुख शक्यता उरतात. एक, फुप्फुसाच्या पृष्ठभागाला पडलेली चीर. दात्याचे फुप्फुस मोठे असल्यास ते कापून लहान केले जाते, त्या शिवणीतूनही हवा येते. दुसरी शक्यता अधिक गंभीर. दाता आणि रुग्ण यांच्या श्वासनलिका जिथे जोडल्या, तो सांधा उसवणे.

हा सांधा नाजूक का?
श्वासनलिकेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या सहसा पुन्हा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे दात्याकडील टोकाला सुरुवातीचे काही आठवडे आडवाटेने येणाऱ्या अपुऱ्या रक्तावर भागवावे लागते. त्यातच शरीराने अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडसारख्या औषधांमुळे जखम सावकाश भरते. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात पहिले मानवी फुप्फुस प्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. पुढील अनेक प्रयत्नांत हाच सांधा घातक ठरला. अखेर १९८३ मध्ये टोरंटोत जोएल कूपर यांच्या चमूने सांध्याभोवती पोटातील चरबीचा पडदा गुंडाळला आणि दीर्घकाळ टिकणारे यश मिळाले.

निदान कसे होते?
फक्त खोकल्यावर बुडबुडे आले तर गळती बहुधा लहान असते, सतत आले तर मोठी. थांबलेली गळती अचानक पुन्हा सुरू झाली किंवा सोबत ताप आला, तर सांध्याबद्दल शंका घेतली जाते. सीटी स्कॅनमधून अंदाज येतो. पण सांधा प्रत्यक्ष दिसतो तो श्वासनलिकेत दुर्बीण घालूनच.

उपचार कोणते?
पृष्ठभागावरील चीर बहुतेकदा आपोआप भरते. तोवर नळी ठेवली जाते आणि व्हेंटिलेटरचा दाब शक्य तितका कमी राखला जातो. पाच ते सात दिवसांनंतरही गळती थांबली नाही, तर ती लांबलेली मानतात. मग श्वासनलिकेच्या शाखेत एकाच दिशेने हवा सोडणारी झडप बसवण्यासारखे पर्याय विचारात घेतले जातात. सांधा थोडा उसवला असेल तर जंतुसंसर्गावर औषधे आणि वारंवार दुर्बीण तपासणी. जास्त उसवला असेल तर स्टेंट किंवा पुन्हा शस्त्रक्रिया.

नातेवाईकांनी काय लक्षात ठेवावे?
बुडबुडे दिसले म्हणून घाबरून नळी दाबू नये. बाहेर पडू न शकलेली हवा छातीत साठून फुप्फुस आणि हृदयावर दाब आणते. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली आणि उभी ठेवावी. बुडबुडे अचानक वाढले, दम लागला किंवा मान, चेहरा सुजला, तर परिचारिकेला तातडीने सांगावे.