वाहनक्रमांक, कॅमेरा आणि मालकाची नोंद : स्कूल बसच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुण्याहून येणारा जुना पुणे-मुंबई महामार्ग मुळा नदीवरील हॅरिस पूल ओलांडून दापोडीत प्रवेश करतो. एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा, रेल्वे स्थानक आणि ऑगस्ट 2018 मध्ये सुरू झालेला दापोडी-निगडी बीआरटी मार्ग यांमुळे येथील वर्दळ सहसा ओसरत नाही. याच वर्दळीतून सकाळी पिवळ्या स्कूल बस वाट काढतात. अशा बसने सिग्नल मोडल्यास पूर्वी हवालदार ती थांबवीत असे आणि चालक समोर असे. कॅमेऱ्याला मात्र चालक ठाऊक नसतो. त्याला केवळ वाहनक्रमांक दिसतो. त्या क्रमांकावरून माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग परिवहन खात्याच्या नोंदवहीतून जातो. प्रस्तुत लेखात या नोंदवहीच्या गोपनीयतेचा विचार केला आहे.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने कलम 136-अ समाविष्ट झाले आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीस वैधानिक आधार मिळाला. ऑगस्ट 2021 मध्ये अधिसूचित झालेल्या नियम 167-अ नुसार कॅमेरा असल्याची सूचना देणारे फलक लावणे आवश्यक आहे, तसेच गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठविणे बंधनकारक आहे. नोटीस मालकाच्या नावे निघते. चालक कोण होता, हे अधिकाऱ्याने विचारल्यास सांगण्याचे कर्तव्य कलम 133 ने मालकावर टाकले आहे. कंत्राटी स्कूल बसच्या बाबतीत हे कलम विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तेथे मालक एक, चालक दुसरा आणि बस वापरणारी शाळा तिसरी असते.

येथवर मालकाच्या नोंदीचा वापर रास्तच म्हणावा लागेल. ज्या हेतूसाठी नोंद घेतली, त्याच हेतूसाठी ती उघडली जाते. अडचण पुढे आहे.

नोंदवहीचे दोन भाग

'वाहन' या राष्ट्रीय माहितीसंचातील माहिती मूल्य आकारून देण्याचे धोरण केंद्र सरकारने मार्च 2019 मध्ये जाहीर केले. व्यापारी संस्थांसाठी वार्षिक शुल्क 3 कोटी रुपये होते, तर शैक्षणिक संस्थांसाठी 5 लाख रुपये. 87 खाजगी कंपन्यांना व 32 शासकीय संस्थांना माहितीसंच उपलब्ध करून दिला असून त्यातून सुमारे 65 कोटी रुपये महसूल मिळाल्याचे जुलै 2019 मध्ये संसदेत सांगण्यात आले. जून 2020 मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजीच दिला होता; त्यानंतर दोन वर्षेही झाली नसताना असे धोरण यावे, हे विचार करायला लावणारे आहे.

अमेरिकेत हा धडा अधिक कटू रीतीने मिळाला. 1989 मध्ये रिबेका शेफर या अभिनेत्रीची हत्या झाली. मारेकऱ्याने तिचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या वाहननोंदींतून खाजगी गुप्तहेरामार्फत मिळविला होता. पुढे 1994 मध्ये तेथे चालकांच्या व वाहनधारकांच्या नोंदींना संरक्षण देणारा संघीय कायदा झाला.

म्हणून नोंदवहीचे दोन भाग वेगळे मानणे इष्ट होय. बसचे योग्यता प्रमाणपत्र, विमा व परवाना वैध आहे काय, हे जाणण्याचा पालकांना अधिकार असलाच पाहिजे. ती वाहनाची माहिती आहे. मालकाचा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक ही व्यक्तीची माहिती आहे, आणि पालकाला तिची गरज क्वचितच भासते. वाहनक्रमांक घातलेले बनावट ई-चलन संदेश भ्रमणध्वनीवर पाठवून होणारी फसवणूक पाहता हा भेद केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

शाळेची जबाबदारी

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. गुन्ह्यांचा तपास व प्रतिबंध यांसाठी होणाऱ्या माहितीच्या वापरास कलम 17 ने बरीच सूट दिली आहे, तथापि माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कायम ठेवली आहे. शाळेची स्थिती निराळी आहे. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील परिवहन समितीने बसची व चालकाची कागदपत्रे पाहावयाची असतात. त्या कागदपत्रांच्या प्रती शाळेच्या संगणकावर साठविल्या गेल्यास पोलिसांना मिळणारी सूट शाळेला आपोआप लागू होत नाही. त्या प्रती कोणी पाहिल्या व कशासाठी, याचे उत्तर शाळेलाच द्यावे लागेल.