येरवड्याच्या नदीकाठी जाण्यापूर्वी

मुळा आणि मुठा यांचा संगम पुणे शहरातच होतो आणि तेथून पूर्वेकडे निघालेली मुळा-मुठा बंडगार्डनचा बंधारा ओलांडून येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूस येते, तेव्हा तिच्या उत्तर काठावर बाभूळ, करंज आणि गवत यांनी व्यापलेला जो पट्टा लागतो, तो ‘डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य’ या नावाने ओळखला जातो. हे नाव लोकांच्या तोंडी रुळलेले आहे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घोषित झालेले हे अभयारण्य नव्हे, त्यामुळे तिकीटखिडकी, मार्गदर्शक, पिण्याचे पाणी वा स्वच्छतागृह येथे असेल असे गृहीत धरून निघू नये.

हा काठ पाणथळ आहे; पाणथळ म्हणजे वर्षाचा काही काळ तरी पाण्याखाली किंवा ओलसर राहणारी जमीन. मात्र २०१७ च्या पाणथळ-संवर्धन नियमांनी नदीपात्रे या व्याख्येतून वगळल्याने अशा काठांना त्या नियमांचे छत्र मिळत नाही. त्यातच महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची कामे बंडगार्डन परिसरात सुरू झाल्यापासून काठाच्या वाटा बदलत राहिल्या आहेत, म्हणून निघण्यापूर्वी नियमित जाणाऱ्या पक्षिनिरीक्षकांकडे चौकशी केलेली बरी.

भेटीचा दिवस ठरवताना सुटीपेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची असते. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत विसर्ग सोडला की पात्र काठोकाठ भरते, उथळ जागा बुडतात आणि काठ धोक्याचा होतो. पाणी ओसरून गाळ उघडा पडला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चक्रवाक, थापट्या यांसारखी स्थलांतरित बदके उतरतात आणि येथेच राहणारे हळदी-कुंकू बदकही त्यांच्यासोबत दिसते. उन्हाळ्यातही पात्र कोरडे पडत नाही, याचे कारण शहराचे सांडपाणी हे आहे, आणि हे सांगताना संकोच करण्यात अर्थ नाही. त्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या पोसल्या जातात आणि लांब गुलाबी पायांचा शेकाट्या गुडघाभर काळ्या पाण्यात उभा राहून बारीक चोचीने त्या टिपत असतो. अर्थात पक्ष्यांची ही गर्दी स्वच्छ नदीची खूण मानता येत नाही, कारण असे पाणी सोसणाऱ्या जातीच तेवढ्या येथे वाढतात.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उत्तर काठावरून थेट समोर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पक्षी नुसते काळे दिसतात, त्यामुळे सकाळी प्रवाहाच्या वरच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून उभे राहिल्यास पिसांचे रंग नीट कळतात. दुर्बीण, मळकट रंगाचे कपडे, बंद बूट आणि सोबत एखादा जोडीदार एवढी तयारी पुरेशी असते. जलपर्णीखालचा गाळ वरून घट्ट भासला तरी पाय खोल रुतवतो, तेव्हा छायाचित्रासाठी पात्रात उतरू नये.

काठ बंद आढळल्यास याच नदीवर खाली, सोलापूर रस्त्यालगत लोणी काळभोरच्या अलीकडे असलेले कवडीपाट गाठावे. तेथे पात्र उथळ व खडकाळ असून हिवाळी पक्षी बरेच जवळून दिसतात.