कायद्याकडून काष्ठठशाकडे

कायदा सोडून कलेकडे वळणाऱ्याचें पहिलें शिक्षण वायां गेलें, असें आपण सहज म्हणतों. रशियन कलावंत वासिली कांडिन्स्की (१८६६–१९४४) याचें चरित्र याविरुद्ध साक्ष देतें.

मॉस्को विद्यापीठांत कायदा शिकत असतां १८८९ सालीं तो व्होलोग्दा प्रांतांत गेला. शेतकऱ्यांच्या न्यायरूढी टिपणें हें त्याचें काम. परंतु तेथील रंगीत, नक्षीदार घरांत शिरतांच आपण जणूं चित्रांतच पाऊल टाकलें, असें त्यास वाटलें. १८९६ सालीं, तिसाव्या वर्षीं, दोर्पात येथील अध्यापकपद नाकारून तो म्यूनिकला चित्रकलेचा विद्यार्थी झाला.

काष्ठठशांत नको तें कोरून काढावयाचें आणि उरेल त्यावरच शाई चढवावयाची. या काटकसरींत त्याच्या आकृति हळूहळू ओळखीच्या वस्तूंपासून सुटत गेल्या. १९१२ च्या सुमाराच्या ‘क्लांगे’ (नाद) या ग्रंथांत त्याचे ५६ ठसे व त्याचींच गद्यकाव्यें शेजारीं नांदतात. १९२२ मध्यें वायमार येथें त्यानें ‘लहान विश्वें’ ही १२ चित्रांची माला लाकूड, ताम्रपट व शिळा अशा तिन्ही मार्गांनीं सिद्ध केली.

रूढी शोधावयास गेलेल्या या कायदेपंडितास आपली खरी वाट त्या शोधांतच दिसली. मग पहिलें शिक्षण वायां गेलें, असें कसें म्हणावें?