मियाको स्थानक : लोकांनी टिकविलेला लोहमार्ग

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात, मियाको हे बंदराचे शहर वसले आहे. पाठीशी डोंगर आणि समोर पॅसिफिक महासागर अशा या प्रदेशातील गावे लहान लहान उपसागरांच्या काठी विखुरलेली आहेत. त्यांना जोडणारे मियाको रेल्वे स्थानक १९३४ साली सुरू झाले. येथून एक लोहमार्ग डोंगर ओलांडून प्रांताची राजधानी मोरिओका येथे जातो. दुसरा किनाऱ्याने उत्तरेस कुजी व दक्षिणेस साकारीपर्यंत पोहोचतो. शाळेत जाणारे विद्यार्थी, रुग्णालय गाठणारे वृद्ध आणि पर्यटक हे त्याचे प्रमुख प्रवासी होत.

विरळ वस्तीतील रेल्वे नफ्यात चालत नाही. १९८० च्या कायद्यानुसार जपानी राष्ट्रीय रेल्वे असे तोट्याचे मार्ग सोडून देऊ लागली. तेव्हा इवाते प्रांत, किनाऱ्यावरील स्थानिक स्वराज्य संस्था व खाजगी भागधारक यांनी एकत्र येऊन १९८१ मध्ये सानरिकु रेल्वे कंपनी स्थापन केली. १ एप्रिल १९८४ रोजी तिच्या गाड्या धावू लागल्या. राष्ट्रीय रेल्वेचे मार्ग अशा संयुक्त संस्थेने चालविण्याचा जपानमधील हा पहिलाच प्रयोग होता.

त्याची कसोटी ११ मार्च २०११ रोजी लागली. भूकंप व त्सुनामीने पूल, रूळ आणि स्थानके उद्ध्वस्त केली, वीजही गेली. मियाको स्थानकात उभ्या असलेल्या डिझेल गाडीच्या डब्यातच कंपनीने आपत्ती-निवारण कक्ष थाटला. पाचव्या दिवशी उत्तरेकडील एका टप्प्यावर आणि २० मार्चला मियाको ते तारो दरम्यान गाडी धावली. त्या दिवसांत प्रवाशांकडून भाडे घेतले गेले नाही. शासकीय अर्थसाहाय्याने कंपनीचे मार्ग एप्रिल २०१४ मध्ये पूर्ववत झाले. मियाको ते कामाइशी हा ईस्ट जपान रेल्वेचा मार्ग मात्र आठ वर्षे बंद होता. दुरुस्तीनंतर तोही २३ मार्च २०१९ रोजी सानरिकु कंपनीकडे आला व १६३ किलोमीटरचा सलग किनारी मार्ग सिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील वादळाने तो पुन्हा तोडला. २० मार्च २०२० रोजी तो पुन्हा सुरू झाला.

अडचणी संपलेल्या नाहीत. लोकसंख्या घटत आहे, नवे रस्ते झाले आहेत आणि मोरिओकाकडे जाणाऱ्या बसगाड्या रेल्वेशी स्पर्धा करतात. तरीही मियाको नगरपालिकेने २०१८ मध्ये आपले कार्यालय, आरोग्य केंद्र व नागरिक केंद्र स्थानकालगत आणले. त्यामुळे गाडीतून उतरणाऱ्या ग्रामस्थाची अनेक कामे एकाच ठिकाणी होतात. स्थानकाची उपयुक्तता केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर मोजता येत नाही. स्थानिक संस्थांनी तोट्याचा भार उचलून ती जपली, म्हणूनच संकटसमयी ती कामी आली.