दाखल-खारीज

निजामी राजवटीत निघालेल्या एखाद्या खानगी मुलांच्या शाळेचा परिचय लिहून द्यावा, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा मनमाड-काचीगुडा लोहमार्गाने परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी उतरलो तो स्मरणिका, कोनशिला आणि संस्थापकांच्या तसबिरी पाहण्याच्या अपेक्षेने. त्या सर्व तेथे होत्या आणि मी त्या आदराने पाहिल्याही. परंतु पुढचे दोन दिवस मला ज्या वस्तूने जागेवर खिळवून ठेविले, ती कार्यालयातील लोखंडी कपाटात लाल बासनात बांधून ठेविलेली दाखल-खारीजची, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची, नोंदवही होय.

'खानगी' म्हणजे खासगी; या शब्दाला त्या काळी जे वजन होते, ते आज सहजी ध्यानात येणार नाही. हैदराबाद संस्थानात सरकारी शाळांतील माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि खानगी शाळा उघडावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा स्थितीत औरंगाबादेस १९१५ साली सरस्वती भुवन निघाले, हिप्परग्यास १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली, अंबाजोगाईस योगेश्वरी आणि आमच्या जिल्ह्यात सेलूस नूतन विद्यालय नावारूपास आले. हिप्परग्याहून १९३५ साली अंबाजोगाईस येऊन तेथील शाळेची धुरा वाहणारे स्वामी रामानंद तीर्थ तीनच वर्षांनी ती सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. वर्गातून तुरुंगात जाणारी ही वाट पुढे अनेक शिक्षकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तुडविली. मात्र वर्गात बसत ती बहुतेक मुलेच. मुलींच्या शाळांसाठी निराळा उद्योग करावा लागला, आणि गावकुसाबाहेरच्या घरांतील मुले तर या वह्यांत फार उशिरा आणि फार थोडी आढळतात. ज्यांनी ज्ञानाचे दार परक्या सत्तेविरुद्ध नेटाने उघडे ठेविले, त्यांना ते आपल्याच गावात पुरतेपणी उघडता आले नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

आता त्या वहीकडे वळतो. लांबट, जाड, हातकागदासारख्या खरखरीत पानांची ती वही. तिच्या रकान्यांची शीर्षके वलदियत (वडिलांचे नाव), कौम (जात), सकूनत (राहण्याचे गाव), पेशा (धंदा) अशी, मजकूर कोठे उर्दूत, कोठे मोडीत, कोठे बाळबोध लिपीत, आणि प्रत्येक नोंदीखाली फसली सनाची, म्हणजे निजामी राज्यातील महसुली कालगणनेची, मिती. वही सांभाळणारे कारकून निवृत्तीला आलेले गृहस्थ आहेत. शाळेत अजून उर्दू आणि मोडी दोन्ही वाचणारे ते एकटेच. ही विद्या त्यांनी आपल्या आधीच्या कारकुनांच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे एकेक अक्षर विचारून मिळविली. फसली साल त्यांना कागदावर मांडावे लागत नाही. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजुर महिन्याने उघडते. तेव्हा वर्ष लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मितीला ५९० मिळवावयाचे आणि जानेवारी लागला की ५९१. म्हणजे १३४७ फसलीचा आजुर हा १९३७ चा ऑक्टोबर, पण त्याच वर्षाचा खुर्दाद हा १९३८ मधला. हा एकाचा फरक चुकला, तर माणसाचे वय दाखल्यावर वर्षाने पुढेमागे सरकते. म्हणून ते प्रत्येक मितीवर बोट ठेवून महिन्याचे नाव आधी मोठ्याने वाचतात, आणि मगच सन उच्चारतात. त्यांच्या तोंडून बहमन, इस्फंदार, फरवर्दी ही इराणी नावे परभणीच्या बोलीत ऐकताना मला एक गेलेले राज्य बोलते आहे असे वाटले.

या विद्येची आज केवढी निकड आहे, हे कार्यालयाच्या पायऱ्यांवरच दिसते. मराठा कुटुंबांना कुणबी प्रमाणपत्रे देता यावीत म्हणून त्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि महसुली दप्तराबरोबरच शाळांच्या प्रवेश-निर्गम वह्याही तपासल्या जाऊ लागल्या. तेव्हापासून आजोबाच्या नावाचा उतारा मागण्यास दूरदूरची माणसे येतात. त्यातही जिल्ह्याच्या सीमा बदललेल्या: परतूर १९८१ साली जालन्यात गेले, वसमत-कळमनुरी १९९९ साली हिंगोलीत, तेव्हा सकूनतीच्या रकान्यातील गाव आज कोणत्या तहसिलीच्या अखत्यारीत येते, येथपासून शोध सुरू होतो. वही मात्र एकच. दर उलटण्यासरशी तिच्या पानांच्या कडांचा भुगा टेबलावर पडतो. छायाप्रत काढावी तर शिवण उसवते, न काढावी तर पुन्हा पुन्हा हाताळावी लागते. कारकून निवृत्त झाल्यावर ती कोण वाचील, याचे उत्तर मला तेथे कोणापाशी मिळाले नाही, आणि त्या काळजीने मी रात्री नीट झोपू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाथरीकडचा एक वृद्ध शेतकरी आला. त्याचे वडील येथे चौथीपर्यंत शिकले होते. तासाभराने नोंद सापडली: नाव स्पष्ट, वलदियत स्पष्ट, १३४९ फसली, मिती तीर महिन्याची. पुढच्या रकान्यावर वाळवीने नखाएवढे भोक पाडले होते, आणि तो रकाना कौमीचा होता.

"अक्षराचा एक कोपरा दिसतोय की, सायब," म्हातारा वाकून म्हणाला.

"दिसतोय, मामा. पण तेवढ्यावरून मला लिहिता येत न्हाई."

कारकुनांनी भिंग घेऊन ते भोक पुन्हा एकवार पाहिले, पान खिडकीच्या उजेडात धरले, मग उताऱ्याच्या त्या रकान्यात 'जीर्ण, अवाच्य' असे लिहून खाली सही केली. म्हाताऱ्याने कागद घडी घालून टोपीत ठेविला आणि विचारले, याच गावात दुसरी एखादी जुनी शाळा आहे काय. कारकुनांनी उठून त्याला रस्त्यापर्यंत नेले आणि दिशा दाखविली.