केमोथेरपीच्या काळातील आहार : पथ्याचा खरा अर्थ

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण रुग्णालयात केमोथेरपी घेत असतानाच वैद्याकडेही येतो, ही गोष्ट आता आपल्यापैकी बहुतेकांच्या अनुभवाची झाली आहे. त्याचा पहिला प्रश्न औषधाचा नसून पथ्याचा असतो. तो येतो तेव्हा आप्तेष्टांनी व शेजाऱ्यांनी वर्ज्य पदार्थांची एक यादी आधीच त्याच्या हाती दिलेली असते. साखरेने गाठ वाढते म्हणून गोड बंद, कफ होतो म्हणून दूध बंद, वातुळ म्हणून कडधान्ये बंद, उष्ण म्हणून अंडी व मांस बंद. मग उरते ती पातळ पेज आणि फळांचा रस. अशा वेळी आपणही त्या यादीत दोन पदार्थांची भर घातली, तर रुग्ण रोगाआधी उपासमारीने खचतो. म्हणून आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते की, केमोथेरपीच्या काळात अनशन व अल्पाशन हेच सर्वांत मोठे अपथ्य होय.

बलक्षयाचे कारण

केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर मुखाची व आतड्यांची अंतस्त्वचा, अस्थिमज्जा आणि केसांची मुळे यांनाही तो आघात सोसावा लागतो. मुखपाक, छर्दी, अरुची, अतिसार व श्वेतपेशींची घट ही लक्षणे त्यातून उद्भवतात. अग्नी मंद, मुख व्रणयुक्त आणि धातूंची झीज चालू, अशी ही अवस्था असते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट झाली, तर ती गंभीर मानावी. वजन व बल टिकले नाही, तर औषधाची मात्रा कमी करण्याची किंवा पुढचे आवर्तन लांबविण्याची वेळ येते. अर्थात आहार हा येथे मूळ चिकित्सेचाच आधार आहे.

मात्रा किती?

अशा रुग्णास दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. ५० किलो वजनाच्या रुग्णास सुमारे १,२५० ते १,५०० किलोकॅलरी आणि ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतील. हे मराठी घरात अवघड नाही. दिवसभरात मिळून तांदूळ व गव्हाचे पीठ १५० ग्रॅम, मुगाची डाळ ५० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, पनीर ५० ग्रॅम, दोन अंडी आणि तीन चमचे तूप एवढ्यात हे गणित साधते. अंडी न खाणाऱ्यास ५० ग्रॅम शेंगदाण्यांचे कूट चालते. मधुमेही रुग्णाचे, स्टिरॉइड चालू असलेल्याचे व वृक्कविकार असलेल्याचे प्रमाण मात्र त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

संसर्जन क्रमाचे मर्म

शोधनानंतर मंदावलेला अग्नी मंड, पेया, विलेपी, यूष व मांसरस अशा पायऱ्यांनी प्रदीप्त करावा, हा चरकसंहितेतील संसर्जन क्रम आपण सर्व जाणतोच. केमोथेरपीनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत तो उत्तम मार्गदर्शक ठरतो. परंतु या क्रमाचे मर्म पुढची पायरी चढण्यात आहे. पेयेत ऊर्जा अल्प व प्रथिने नगण्य असतात. मळमळ ओसरल्यावरही रुग्णास तीन आठवडे पेजेवरच ठेवणे म्हणजे क्रमाच्या पहिल्या पायरीवर त्याला अडकवून ठेवणे होय. भूक लागताच मुगाचे कढण, तूप घातलेला मऊ भात, खिचडी आणि चालत असल्यास मांसरस, असे पुढे गेले पाहिजे.

लक्षणांनुसार योजना

मळमळ असता तीन भोजनांऐवजी सहा-सात वेळा थोडेथोडे द्यावे. उष्ण अन्नाचा वास सोसत नाही, म्हणून अन्न कोमट वा निवलेले असावे. साळीच्या लाह्या, कुरमुरे, खाकरा असे कोरडे पदार्थ हाताशी ठेवावेत. रुग्णाचे आवडते पदार्थ उलटीच्या दिवशी देऊ नयेत, कारण त्या पदार्थांविषयी कायमची शिसारी बसू शकते. मुखपाकात तिखट, आंबट व कडक पदार्थ टाळून नाचणीची खीर, शिरा, लोणी, पिकलेले केळे द्यावे आणि मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने गुळण्या सांगाव्यात. अतिसारात दूध काही दिवस थांबवून जलसंजीवनी, मीठ घातलेली पेज व केळे द्यावे. व्हिन्क्रिस्टीनसारख्या औषधाने मलावष्टंभ होतो, तर ऑक्झालिप्लाटिन घेतल्यावर काही दिवस थंड पेये व थंड पदार्थ सोसत नाहीत. म्हणून चालू औषधाचे नाव विचारल्याशिवाय आहार सांगू नये.

श्वेतपेशी घटतात तेव्हा

अनेक औषधांत सामान्यतः सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान श्वेतपेशी सर्वांत कमी होतात. या काळात अन्न ताजे व नीट शिजवलेले, पाणी उकळलेले आणि फळे धुऊन साल काढलेली असावीत. उघड्यावरचा रस, कच्चे मोड, कच्चे दूध व अर्धवट उकडलेली अंडी वर्ज्य करावीत. ताक हवेच असेल, तर कढी करून द्यावे. श्वेतपेशी व रक्तबिंबिका घटलेल्या असताना बस्ती कदापि देऊ नये. गुदमार्गाची किरकोळ इजाही जंतुसंसर्गास वा रक्तस्रावास कारण होते. ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक झाला, तर काढा देत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. येथे तासांचा विलंबही जिवावर बेततो.

औषधाबाबत संयम

औषधालय चालविणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. ‘प्रतिकारशक्तीसाठी काही द्या’ म्हणून येणाऱ्या ग्राहकास केमोथेरपी चालू आहे काय, हे अवश्य विचारावे. पिप्पली व मरिच यांतील पायपरीन अनेक औषधांचे यकृतातील विघटन मंदावते. स्वयंपाकातील हळद-मिऱ्याचे भय नाही. परंतु त्रिकटु वा हळदीचे सत्त्व औषधी मात्रेत चालू असता केमोथेरपीच्या औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे बदलू शकते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेले रुग्ण मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदविले, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांस हरकत घेतली. वादाचा निर्णय काहीही असो, यकृताचे घटक वाढले तर पुढचे आवर्तन थांबते आणि दोष कोणत्या द्रव्याचा, हे शोधणे कठीण होते. म्हणून भस्मे, रसकल्प व काढे रुग्णाच्या डॉक्टरांना कळविल्याशिवाय देऊ नयेत. आपल्या शास्त्राचा मान त्यात कमी होत नाही.

प्रत्येक भेटीत रुग्णपत्रिकेवर तीन नोंदी असाव्यात, असे आम्ही सुचवितो : आजचे वजन, कालच्या दिवसभरात पोटात गेलेले अन्न आणि चालू औषधांची नावे. दोन आवर्तनांत वजन घटलेले दिसल्यास रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहावी. आणि रुग्णाने विचारले, ‘काय काय सोडू?’, तर त्याला आधी आज काय खाता येईल ते सांगावे.